थ्री-नॉट-थ्री रायफल, जप्त व दुरुस्त : पारख

ली-एनफिल्ड घाटाची, दहा काडतुसांची बोल्ट-रायफल. दोन्ही महायुद्धांत भारतीय फौजेने ती वापरली, पुढे ती पोलिसांकडे आली. गडचिरोलीत (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचा भाग) नक्षलवाद्यांकडून जप्त होणाऱ्या शस्त्रांत ती भरमार बंदुकीच्या शेजारी दिसते. पुष्कळदा मुळात पोलिसांकडूनच लुटलेली.

पारख क्रमांकापासून सुरू होते. बोल्ट व बॉडीवरचे क्रमांक जुळले नाहीत, तर सुटे भाग बदललेले आहेत. पश्चिम बंगालमधील ईशापूर कारखान्याची स्वातंत्र्यपूर्व छाप मुकुट व ‘जीआरआय’ची, नंतरची अशोकस्तंभ व ‘आरएफआय’ची. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू ही तिथल्याच मजबुतीकरणाची खूण. लाकडावर घट्ट गुंडाळलेली तार नवख्याला गावठी डागडुजी वाटते. प्रत्यक्षात ती ग्रेनेड फेकण्यासाठी केलेली फौजी तयारी असते. नव्या पॉलिशला भुलू नये. नळीतील पेचदार खाचांची झीज त्याने लपत नाही. घासून काढलेला क्रमांक न्यायवैद्यक प्रयोगशाळा रसायनांनी अनेकदा वाचू शकते.

जप्त रायफल न्यायालयाच्या दृष्टीने मुद्देमाल असते, संग्राहकाचा माल नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रांपुरती आहे. चालू स्थितीतल्या रायफलीला ती लागू होत नाही.