इम्प्लांटवर बसणारी कवळी

तोंडात एकही दात उरला नसेल तर कवळी हा जुना, ठरलेला उपाय. वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी टिकते. खरा त्रास खालचीचा. तिला टेकायला नालेच्या आकाराची अरुंद हिरडी मिळते, जीभ तिला सारखी उचलते आणि दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा बरेच जास्त झिजते. मग कवळी डबीत जाते आणि ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खावी लागते.

अशी कवळी इम्प्लांटने, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या छोट्या स्क्रूने, धरून ठेवता येते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगात आढळले. माणसावर त्यांनी ते १९६५ मध्ये वापरले.

प्रत्येक दाताला एक स्क्रू लागतो, या समजापोटी खर्चाच्या धास्तीने अनेकजण चौकशीच करत नाहीत. खालच्या कवळीला बहुधा दोन पुरतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय असावा, असे मत दिले. हे दोन स्क्रू सुळ्यांच्या जागी बसतात. तिथे सहसा हाड शिल्लक असते आणि ओठाची संवेदना सांभाळणारी नस मागे राहते. दोन-तीन महिन्यांत हाड धरले, की कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते. रोज काढून धुवायची मात्र असतेच. वरचे हाड मऊ असल्याने तिथे सहसा चार तरी लागतात.

छत्रपती संभाजीनगरात घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, कांचनवाडीत सीएसएमएसएसचे. दोन्हीकडे कृत्रिम दातांचा विभाग आहे. तिथे आधी एक्स-रे, गरज पडल्यास स्कॅन करून हाड किती उरले आहे ते पाहतात. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू किंवा मिश्री सुटत नसेल तर स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असतील तर तेही आधीच सांगावे. काहींमुळे जबड्याची जखम भरत नाही.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतालची हिरडी सुजते आणि दुर्लक्ष झाले तर हाड झिजून तो सैल होतो. कवळीतली छोटी रबरी कडी वापराने ढिली पडते, ती अधूनमधून बदलावी लागते. जुनी कवळी नीट बसत असेल तर बहुतेक वेळा नवी करावी लागत नाही. तिलाच आतून कड्या बसवता येतात.