गुडघेदुखीवरील कायरोप्रॅक्टिक उपचार

गुडघेदुखीवरील कायरोप्रॅक्टिक उपचार म्हणजे हातांनी सांधा हलवून, दाबून व ताणून गुडघ्याची वेदना आणि ताठरता कमी करण्याचे औषधविरहित उपचार होत. कायरोप्रॅक्टिक ही पद्धती मुख्यतः पाठ व मान यांच्या दुखण्यासाठी ओळखली जाते. गुडघ्याच्या बाबतीत तिच्या स्वतंत्र उपयुक्ततेचा पुरावा मर्यादित आहे. हस्तोपचाराने काही रुग्णांना तात्पुरता आराम मिळतो. टिकाऊ सुधारणा मात्र मुख्यतः व्यायाम व वजननियंत्रण यांवर अवलंबून असते.

व्युत्पत्ती व इतिहास

‘कायरोप्रॅक्टिक’ हा शब्द ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे या पद्धतीची सुरुवात केली. मणके जागेवरून सरकल्याने बहुतेक रोग होतात, असे त्यांचे मत होते. आधुनिक वैद्यकाने ते स्वीकारलेले नाही. हाडे व सांधे हातांनी बसवण्याची परंपरा याहून जुनी आहे. महाराष्ट्रातील हाडवैद्य हे तिचेच एक रूप असून त्याचा कायरोप्रॅक्टिकशी थेट संबंध नाही.

गुडघेदुखीची कारणे

मांडीचे हाड, नडगीचे हाड व गुडघ्याची वाटी यांनी गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा, दोन अर्धचंद्राकृती गाद्या, अस्थिबंध आणि मांडीचे स्नायू त्याला आधार देतात. उतारवयातील गुडघेदुखीचे सर्वांत सामान्य कारण झीजजन्य संधिवात हे आहे. वाढते वय, स्थूलता, जुनी दुखापत व आनुवंशिकता यांमुळे त्याचा धोका वाढतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते.

दीर्घकाळ उकिडवे बसणे किंवा गुडघे टेकून काम करणे हाही एक धोकाघटक आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील डिंगोरे, ओतूर यांसारख्या शेतीप्रधान गावांत खुरपणी व भाजीपाल्याची तोडणी यांसारखी कामे वाकून किंवा उकिडवे बसून केली जातात. त्यामुळे अशा भागांत गुडघ्यांवरील भाराचा प्रश्न रोजच्या श्रमाशी जोडलेला असतो. संधिवाताभ, गाऊट, सांध्याचा क्षयरोग आणि चिकुनगुनिया यांमुळेही गुडघा दुखू शकतो. २००६ मधील चिकुनगुनियाच्या साथीनंतर महाराष्ट्रात अनेकांना दीर्घकाळ सांधेदुखी राहिली होती.

उपचारांचे स्वरूप

प्रथम रुग्णाची चाल, गुडघ्याची हालचाल, सूज आणि स्नायूंची ताकद तपासली जाते. कंबर व खुबा यांचीही तपासणी होते, कारण खुब्याच्या विकाराची वेदना कधीकधी गुडघ्यात जाणवते. त्यानंतर सांध्याला हळूहळू हालचाल देणे, वाटी हलकेच सरकवणे, स्नायूंना ताण व मर्दन देणे आणि व्यायाम शिकवणे असे उपाय योजले जातात. यांतील बहुतेक तंत्रे फिजिओथेरपीतही वापरली जातात. सांध्यातून येणारा ‘कट्’ असा आवाज हाड जागेवर बसल्याचा पुरावा नसतो. झिजलेली कूर्चा हस्तोपचाराने पुन्हा तयार होत नाही.

परिणामकारकता

अमेरिकेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत, एक वर्षानंतर फिजिओथेरपी घेतलेल्यांची वेदना व अडचण स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी आढळली. या फिजिओथेरपीत हस्तोपचार व व्यायाम हे दोन्ही होते, त्यामुळे तिचे श्रेय केवळ हस्तोपचाराला देता येत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत व्यायाम, वजन घटवणे आणि काठीचा वापर यांची ठाम शिफारस आहे. व्यायामाला हस्तोपचाराची जोड देण्याची शिफारस नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार हस्तोपचाराचा विचार केवळ व्यायामासोबतच करावा. वजन एक किलो घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे एका अभ्यासात दिसून आले आहे.

धोके व दक्षता

योग्य तपासणीनंतर केलेले सौम्य उपचार सहसा सुरक्षित असतात. एकदोन दिवस दुखणे वाढू शकते. ठिसूळ हाडे, ताजे अस्थिभंग, तुटलेले अस्थिबंध, जंतुसंसर्ग किंवा गाठ असताना जोरकस हाताळणी घातक ठरते. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी असताना मालिश केल्यास ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. किशोरवयात होणारा हाडांचा कर्करोग बहुधा गुडघ्याजवळ उद्भवतो. त्यामुळे मुलांमध्ये रात्री वाढणारी वेदना किंवा टिकून राहणारी सूज असल्यास मालिश करण्यापूर्वी क्ष-किरण तपासणी आवश्यक असते. ताप व लाल, गरम गुडघा, पायावर भार न देता येणे किंवा सांधा अडकणे ही तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे होत.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे उपचारकाच्या शिक्षणाची खातरजमा करण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी रुग्णावरच येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४,२०० तासांची अपेक्षा नमूद आहे. अल्पमुदतीचा अभ्यासक्रम त्याची बरोबरी करू शकत नाही. याउलट महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी २००२ च्या राज्य अधिनियमान्वये परिषद आहे.

झीज फार वाढल्यास सांधारोपण हा पर्याय उरतो. पुण्यातील अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बनावटीचा ‘इंडस’ कृत्रिम गुडघा विकसित केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतरही मांडीच्या स्नायूंचा व्यायाम उपचारांचा आवश्यक भाग असतो.