खारेपाटातील जिताडा

लखनौत माशाला दरबारी मान मिळाला. 1722 साली अवधची सुभेदारी मिळालेल्या सआदतखान बुर्‍हाणुल्मुल्काच्या वारसांनी माही मरातब या मोगली बादशाही बहुमानातील मत्स्यचिन्ह आपल्या इमारतींच्या कमानींवर कोरविले, नवाबी संपुष्टात आल्यावरही उत्तर प्रदेशाच्या राजमुद्रेत मत्स्ययुगुल कायम राहिले, आणि मत्स्यजातींच्या आनुवंशिक संपत्तीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही आज त्याच शहरी आहे. समुद्रापासून इतक्या दूर माशाचा इतिहास दगडात सुरक्षित राहिला. पूर्वीच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील जिताड्याचा इतिहास मात्र चिखलाच्या बांधांत शोधावा लागतो, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो.

धरमतरची खाडी मुंबई बंदराच्या उपसागराला मिळते. तिच्या काठी अलिबाग आणि पेण तालुक्यांत पसरलेला खारेपाट हा जिताड्याचा मुलूख. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 साली ज्याचे शास्त्रीय वर्णन केले, तो हा मासा प्रजननासाठी खाडीच्या मुखाकडील खाऱ्या पाण्यात उतरतो, आणि त्याची पिल्ले पावसाळ्यात भरतीबरोबर खाडीच्या फाट्यांतून आत चढतात. प्रारंभी नर असणारा जिताडा पुढे मादी होतो, ही सृष्टीची योजना विलक्षणच म्हणावयाची. तो भक्ष्याच्या मागे फारसा धावत नाही, आडोशाला दबा धरतो. ओहोटी लागून बांधाच्या उघाडीतून शेतातले पाणी खाडीत पडू लागले, की त्याबरोबर वाहत येणाऱ्या कोळंबीसाठी आणि बारीक मासळीसाठी तो तोंडाशीच थांबतो, म्हणून काठावरून पाग टाकणाराने किंवा गरी सोडणाराने होडीवाचूनही त्याला गाठावे. हे ज्ञान भरती-ओहोटीचे, उधाण-भांगाचे आणि पाण्याच्या रंगाचे आहे; ते पिढ्यान्‌पिढ्या हाताहातांतून उतरले.

परंतु उघाडी होती ती बांध होता म्हणून, आणि बांध राखण्यामागे एक महसुली व्यवस्था होती. खाजण अडवून भातशेती करविणारा शिलोत्रदार कुळांकडून सरकारसाऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात घेई, आणि त्याच्या मोबदल्यात बाहेरचा बांध दुरुस्त राखण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. बांध फुटला तर पीक तर जाईच, शिवाय जमिनीत मीठ मुरून पुढील वर्षांचे भातही धोक्यात येई. बांध राखला जावो वा न जावो, खंड मात्र सुटत नसे. कुळांची ही कुचंबणा चरी गावच्या 1933 ते 1939 या संपात उघड झाली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. पुढे 1948 साली खारजमिनींचा कायदा होऊन बांधबंदिस्तीत सरकारने हात घातला.

शेतकऱ्याने जिताड्याला घराजवळही आणले. खाडीत सापडलेली पिल्ले शहापूर-धेरंड परिसरात घरालगतच्या तळ्यांत सोडून वाढविण्याचा प्रघात पडला. पाहुणा आला म्हणजे तळ्यातील मासा काढावा आणि त्याला जेवू घालावे, यात या गावांचे अगत्य आहे. चेन्नईच्या मत्स्यसंशोधन संस्थेने 1997 मध्ये या माशाचे कृत्रिम प्रजनन साधल्यापासून बीजासाठी केवळ खाडीवर विसंबण्याचे कारण उरले नाही, तरी बांध ढासळून खारे पाणी शिरलेली कित्येक शेते आज तिवरांनी भरली आहेत, आणि त्या उघाड्यांपाशी पाग कोठे टाकावा हे सांगू शकणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम अद्याप कोणी हाती घेतलेले मला दिसत नाही.