कापलेला पगार जातो कुठे?

2 एप्रिल 2020 ची संध्याकाळ. ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक करोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत बोलत होते. देश घरात कोंडलेला, मैदानं ओस पडलेली. कुणीतरी फुटबॉलपटूंच्या पगाराचा विषय काढला आणि मंत्रिमहोदयांना हायसं वाटलं असावं. प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगार कमी करून घ्यावा आणि आपला वाटा उचलावा, असं त्यांनी सांगून टाकलं. प्रश्न फुटबॉलचा होता, म्हणून उत्तरही फुटबॉलचं आलं, हे मान्य. पण लंडनच्या बँका आणि हेज फंडांत गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यांना असा जाहीर उपदेश त्या दिवसांत फारसा कुणी केला नाही.

संतापायला लोकांना निमित्तही होतं. दोनच दिवसांपूर्वी टॉटनहॅम क्लबने खेळाडू सोडून इतर साडेपाचशे कर्मचाऱ्यांचे पगार वीस टक्क्यांनी कापल्याचं जाहीर केलं होतं. ज्यांना काम नाही अशांचा पगार सरकारी तिजोरीतून मिळावा, अशी योजना आली होती, आणि तिच्या रांगेत बडे क्लबही येऊन उभे राहिले. वर्षाला सरासरी तीस लाख पौंडांच्या आसपास मिळवणारे खेळाडू सुखरूप आणि तिकीट खिडकीवरच्या बाईच्या पगाराला कात्री, हे चित्र कुणालाही खटकणारंच होतं. खेळाडूंनी मात्र लगेच मान डोलावली नाही. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : आम्ही सोडलेला पैसा जाणार कुणाच्या खिशात?

हा प्रश्न इंग्लंडच्या फुटबॉलइतकाच जुना आहे. तारखांचा एक विचित्र योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे.

हॅनकॉक बोलले त्याच्या बरोबर 105 वर्षं आधी, 2 एप्रिल 1915 रोजी, गुड फ्रायडेला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. पहिलं महायुद्ध सुरू होऊन आठ महिने झाले होते. सैन्यात न जाता चेंडू लाथाडणारे म्हणून खेळाडूंची आधीच छी-थू चालली होती. पुढचा मोसम होणार नाही, म्हणजे पगारही मिळणार नाही, हे दिसत होतं. युनायटेडने सामना 2-0 असा जिंकला. युनायटेडच्या पॅट्रिक ओ'कॉनेलने पेनल्टी गोलाच्या इतक्या बाहेर मारली, की प्रेक्षकांत कुजबूज सुरू झाली. लिव्हरपूलच्या एका खेळाडूचा फटका आडव्या दांडीवर आदळला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर खेकसले. मग बोभाटा झाला, की याच 2-0 या निकालावर सात पट भावाने भरपूर पैजा लागल्या होत्या. चौकशी झाली आणि दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांपैकी सँडी टर्नबुल 1917 मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. बंदी उठली ती मेल्यानंतर.

पैजेचं समर्थन करायचं कारण नाही. पण टर्नबुल कुठून आला होता, हे पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसू लागते.

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला अधिकृत मान्यता मिळाली 1885 मध्ये. तीन वर्षांनी बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतले कामगार शनिवारी अर्धा दिवस सुटले, की हजारोंनी मैदानाकडे वळत. गल्ला वाढला तसे चांगल्या खेळाडूंचे भाव वाढले आणि लहान क्लब कुरकुरू लागले. त्यावर निघालेला तोडगा असा, की 1901 पासून कुठल्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त द्यायचं नाही आणि सामना जिंकल्याचा बोनसही द्यायचा नाही. चार पौंड त्या काळी कुशल कारागिराच्या कमाईच्या दुपटीच्या घरात जात, म्हणजे रक्कम काही क्षुल्लक नव्हती. पण संघातला सर्वांत मोठा तारा आणि काल आलेला पोरगा यांच्यावर एकच छप्पर बसलं.

त्याहून जाचक होती ती खेळाडूला धरून ठेवण्याची पद्धत. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची. क्लबने देऊ केलेला पगार पटला नाही, तर दुसऱ्या क्लबकडे जायची सोय नव्हती, आणि इकडे पगारही मिळेलच असं नव्हतं. अशा माणसाने कपात ‘स्वीकारली’ असं म्हणणं म्हणजे शब्दांची थट्टाच.

क्लबमालक सगळा पैसा घरी नेत होते, असं मात्र नाही. भागधारकांच्या लाभांशावर फुटबॉल असोसिएशनने मर्यादा घातली होती आणि संचालकांनी मानधन घ्यायचं नव्हतं. त्यामुळे पैसा प्रेक्षकांच्या सज्जांत, मैदानांत आणि दुसऱ्या खेळाडूंच्या खरेदीत मुरत होता. फक्त वह्या खेळाडूंना दाखवायची पद्धत नव्हती.

या सगळ्याविरुद्ध उभा राहिला बिली मेरेडिथ. वेल्सचा हा खेळाडू पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेला आणि दातांत काडी चघळत उजव्या बगलेने धावणारा. स्वतः एका लाचेच्या प्रकरणात दीर्घ बंदी भोगलेला, तेव्हा धुतल्या तांदळासारखा तोही नव्हता. 2 डिसेंबर 1907 रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात त्याच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना स्थापन झाली. कामगार संघटनांच्या महासंघाशी नातं जोडण्याची तिची तयारी दिसताच असोसिएशनचं पित्त खवळलं. 1909 च्या उन्हाळ्यात फर्मान निघालं, की संघटना सोडा, नाहीतर नोंदणी रद्द. बहुतेकांनी निमूटपणे संघटना सोडली. त्याच वर्षी एफए कप जिंकलेला मँचेस्टर युनायटेडचा संघ मात्र हटला नाही. कर्णधार चार्ली रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘आउटकास्ट्स एफसी’, म्हणजे वाळीत टाकलेल्यांचा संघ, अशी पाटी पुढे ठेवून फोटो काढून घेतला. मोसम तोंडावर आला तेव्हा असोसिएशनने संघटनेला मान्यता दिली. वेतनाचं छप्पर मात्र जागच्या जागी राहिलं. त्या बहिष्कृतांत सँडी टर्नबुलही होता.

आणि त्या चुकलेल्या पेनल्टीचा धनी ओ'कॉनेल? त्याच्यावर कारवाई झाली नाही. तो पुढे स्पेनमध्ये प्रशिक्षक झाला आणि यादवी युद्धाच्या काळात बार्सिलोनाचा संघ घेऊन 1937 मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. बहुतेक खेळाडू परतलेच नाहीत, पण दौऱ्याच्या कमाईने क्लबला बुडण्यापासून वाचवलं. बार्सिलोनाकडे परत यायचंच आहे.

महायुद्ध संपल्यावर प्रेक्षक झुंडीने परतले आणि 1920 मध्ये कमाल वेतन नऊ पौंडांवर गेलं. मग मंदी आली. 1921 मध्ये खाणकामगारांच्या मजुरीवर कुऱ्हाड पडली आणि 1922 मध्ये फुटबॉलपटूंवर : मोसमात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा. ही कपात वाटाघाटीतून आली नाही, ती वरून कळवण्यात आली. कठीण काळातल्या कपातीचा खरा स्वभाव इथे दिसतो. मंदी गेली, तिसरं दशक सरलं, आर्सेनलसारखे क्लब वैभवाला चढले, पण आठ पौंडांचे नऊ व्हायला 1945 उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात तर करारच गोठले आणि एका सामन्याचे तीस शिलिंग हातावर पडू लागले.

युद्धानंतरच्या 1948-49 च्या मोसमात लीगच्या सामन्यांना चार कोटींहून अधिक प्रेक्षक आले. टॉम फिनी हा त्या काळचा सर्वांत लाडका खेळाडू. प्रेस्टन क्लबसाठी खेळायचा आणि जोडीला नळकामाचा धंदा करायचा. 1952 मध्ये इटलीच्या पालेर्मोने त्याला नुसत्या सहीसाठी दहा हजार पौंड देऊ केले. इंग्लंडमध्ये तेव्हा कमाल वेतन होतं चौदा पौंड. प्रेस्टनने सोडायला नकार दिला आणि फिनी पुन्हा नळांकडे वळला. चार कोटी लोकांचा गल्ला आणि चौदा पौंडांचा पगार या दोन आकड्यांमध्ये त्या व्यवसायाची सगळी कहाणी आली.

छप्पर उडालं 1961 मध्ये. संघटनेचा अध्यक्ष होता फुलहॅमचा दाढीवाला जिमी हिल. संपाच्या तयारीसाठी झालेल्या मँचेस्टरच्या सभेत एका तरुण खेळाडूने शंका काढली, की आपले वडील खाणीत राबून याहून कमी मिळवतात, मग आपण जास्त कुठल्या तोंडाने मागायचं? बोल्टनचा बचावपटू टॉमी बँक्स उठला. त्याने स्वतः खाणीत काम केलं होतं. तो म्हणाला त्याचा आशय असा, की तुझ्या वडिलांचं काम मी करू शकतो, पण त्यांना काम करताना पाहायला तीस हजार लोक तिकीट काढून येत नाहीत. सभा एका बाजूला झुकली. 21 जानेवारीला ठरलेल्या संपाच्या तीन दिवस आधी लीगने हात टेकले. फुलहॅमचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर पेशाने विनोदी नट. आपला खेळाडू जॉनी हेन्स याची लायकी आठवड्याला शंभर पौंडांची आहे, असं तो बोलून बसला होता. तो शब्द त्याला खराखुरा पाळावा लागला.

त्यानंतर साठ वर्षांत पगार आभाळाला भिडले, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट ग्लासगोची. फेब्रुवारी 2012 मध्ये रेंजर्स हा स्कॉटलंडचा मातबर क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. खेळाडूंनी ठरावीक मुदतीसाठी कपात मान्य केली. सर्वाधिक पगारवाल्यांनी पाऊण पगार सोडला, मधल्यांनी निम्मा, खालच्यांनी पाव. त्यामुळे कार्यालयातल्या आणि मैदानावरच्या साध्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्या घडीला वाचल्या. कपात कशी असावी याचा हा जवळजवळ नमुनाच : मुदत ठरलेली, उतरंड ठरलेली आणि कुणासाठी तेही ठरलेलं. मोबदल्यात काहींनी कमी किमतीत क्लब सोडण्याची मुभा करारात लिहून घेतली. जूनमध्ये क्लबची कंपनी तरीही बुडाली आणि मालमत्ता नव्या मालकाकडे गेली. स्टीव्हन नेस्मिथ आणि स्टीव्हन व्हिटेकर यांनी नव्या कंपनीत जायचं नाकारलं, तेव्हा कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांतल्या अनेकांनी त्यांना गद्दार ठरवलं.

2020 च्या एप्रिलमध्ये हे सगळं इंग्लंडच्या खेळाडूंच्या डोक्यात होतं असं नव्हे, पण त्यांच्या संघटनेच्या हाडीमाशी ते मुरलेलं होतं. लीगने तीस टक्के कपात सुचवली. संघटनेने हिशेब मांडला : वर्षभरात खेळाडूंचे पन्नास कोटी पौंड कमी होतील आणि त्यावरचा वीस कोटींहून अधिक कर सरकार गमावेल. म्हणजे आरोग्यमंत्र्यांच्या उपदेशाने आरोग्यसेवेच्याच पोटावर पाय यायचा. युक्तिवाद थोडा सोयीचा होता. तो करणाऱ्यांची घरं कुणाला लहान वाटली नसती. पण त्यात तथ्यही होतं. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसनने इतर कर्णधारांना जमवलं आणि 8 एप्रिलला खेळाडूंनी आपला वेगळा निधी जाहीर केला. पैसा क्लबांच्या हाती न देता आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांकडे थेट जाणार होता. त्याच सुमारास लिव्हरपूलने आणि मग टॉटनहॅमने लोकक्षोभापुढे नमून सरकारी पैसा घेण्याचा बेत सोडला.

आर्सेनलच्या खेळाडूंनी साडेबारा टक्के कपात मान्य केली. मेसुट ओझिल नाही म्हणाला. पैसा कुठे जाणार ते आधी नीट सांगा, असं त्याचं म्हणणं होतं. लोकांनी त्याला हावरट म्हटलं. ऑगस्टमध्ये क्लबने पंचावन्न नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला.

आपल्याकडे कपातीवर एवढी चर्चा व्हायला मुळात खेळाडूचा पगार फुटबॉलमधून यावा लागतो. मुंबईचे जुने संघ गिरण्या, कंपन्या आणि सरकारी खात्यांचे, गोव्यातले साळगावकर आणि धेंपे खाणउद्योगाचे. मालकाचा विचार बदलला, की कपात होत नसे, संघच मिटत असे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये असाच मिटला. इंडियन सुपर लीगचं भवितव्य टांगणीला लागलं, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये बंगळूरु एफसीने मुख्य संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. सुनील छेत्रीही तेव्हा त्याच संघात होता.

राहिलं बार्सिलोना. मार्च 2020 मध्ये लिओनेल मेस्सीने जाहीर केलं, की खेळाडू सत्तर टक्के पगार सोडत आहेत आणि इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी भर घालत आहेत. त्याच निवेदनात त्याने आपल्याच संचालकांना टोलाही हाणला : आम्ही हे करणारच होतो, तरी क्लबमधलेच काहीजण आमच्यावर दबाव का आणत होते? पुढच्या वर्षी क्लबवर सव्वाशे कोटी युरोंहून अधिक कर्ज असल्याचं उघड झालं. मेस्सीला ठेवून घेणंही जमलं नाही. फ्रेंकी डी यॉंग या डच खेळाडूने करोनाच्या काळात आपल्या पगाराचा मोठा भाग पुढे ढकलू दिला होता. 2022 च्या उन्हाळ्यात तो थकलेलाच होता, आणि क्लब लेवांडोव्हस्की, राफिन्या, कूंदे यांच्यावर कोट्यवधी युरो ओतत त्याला सांगत होता, की पगार कमी कर, नाहीतर दुसरा क्लब बघ. सरावाला येताना क्लबच्या काही चाहत्यांनी त्याला गाठलं आणि शिव्या घालत पगार कमी करायला सांगितलं. डी यॉंग गाडीतून आत गेला. त्याने क्लब सोडला नाही.