शिवराई आणि चिंचेचे पाणी

दिवाळीच्या आधी आमच्या घरची तांब्यापितळेची भांडी अंगणात येत. आजी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसे, आणि तासाभरात काळवंडलेली घंगाळे लखलखू लागत. लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवायच्या सात शिवराया देवघरात एका डबीत असत. मी अकरा वर्षांचा असताना त्यांतल्या सहा मी आपण होऊन चिंचेच्या पाण्यात घातल्या. सातवी डबीच्या तळाला चिकटली होती, ती निघेना. सकाळी राखेने घासल्यावर सहाही नाणी गुलाबी, गुळगुळीत झाली. आजीने माझी पाठ थोपटली.

पुढे कॉलेजात असताना ती डबी घेऊन मी नाण्यांच्या एका जाणकार गृहस्थांकडे गेलो. त्यांनी एकेका नाण्यावर भिंग धरले आणि एवढेच विचारले, "धुतली कोणी?"

शिवराईला वाचावे लागते, हे त्या दिवशी मला कळले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांच्या नावाच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. पण तेच नाव महाराजांच्या पश्चातही नाण्यांवर पडत राहिले. पेशवाईत शिवराई चालली आणि इंग्रजी अमलातही बाजारात हिंडली. तिच्यावर सहसा सालाचा आकडा नसतो. मग जुनी कोणती आणि नंतरची कोणती? 'पति'ची वेलांटी पहिली की दुसरी, 'शिव' आहे की 'सिव', भोवतीचे ठिपके कसे, यांवरून अंदाज करायचा. त्यातून ठशापेक्षा नाणे पुष्कळदा लहान. म्हणजे मुळातच अर्धीमुर्धी अक्षरे हाती लागतात. माझ्या सहा नाण्यांवर तीही उरली नव्हती.

यात दोष चिंचेचा म्हणावा तर तसेही नाही. तांब्यावर काळाने आधी तांबूस ऑक्साइडचा थर चढतो आणि त्याच्यावर हिरव्या कार्बोनेटचा. जुन्या नाण्याच्या अक्षराची कड पुष्कळदा धातूत राहिलेलीच नसते. ती त्या तांबूस थरात तगून असते. चिंचेतले टार्टरिक, लिंबातले सायट्रिक, शिरक्यातले ॲसेटिक, यांपैकी एकाही आम्लाला मळ आणि अक्षर यांतला भेद कळत नाही. थर विरघळतो, त्याच्याबरोबर अक्षरही जाते, आणि उरलासुरला उंचवटा राख खरवडून नेते. आजीच्या घंगाळावर वाचायचे काही नव्हते. तिचा उपाय तिथे बरोबरच होता. मी तो भलत्या ठिकाणी नेला.

त्या गृहस्थांनी सातवी शिवराई डबीसकट ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवली. पाणी रोज बदलायचे, सुटेल तेवढीच माती बाभळीच्या काट्याने काढायची, आणि थरापाशी थांबायचे. कितीतरी दिवसांनी ती सुटली. काळपट हिरव्या पाठीवर 'राजा' स्पष्ट होते आणि खाली 'शि'ची वेलांटी.

आजही लक्ष्मीपूजनाच्या तबकात मी साती शिवराया मांडतो. घरातली मुले विचारतात, "ही एकच काळी का?" मी ती त्यांच्या हाती देतो आणि म्हणतो, "वाचून पाहा." मग बाकीच्या सहाही देतो.