गोळीचा साचा
आदिलाबादच्या ओझा कारागिरांचा मातीचा साचा पितळी मूर्ती निघताच फुटतो. गोळीचा लोखंडी साचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे शिसे त्यात ओतून ठासणीच्या बंदुकीची गोळी घरच्या चुलीवरही तयार होई. १९व्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारूच्या .३०३ रायफली आल्या. त्यांच्या वेगापुढे उघडे शिसे टिकेना. ते नळीला माखे. म्हणून गोळीवर कठीण धातूचे कवच चढले आणि ती खडकीसारख्या सरकारी कारखान्यांत बनू लागली. जुन्या साच्यातील गोळी मंद वेगापुरती उरली. चुलीवरची गोळी अशी सरकारी कोठारात गेली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्तंभ उभा आहे.