न्यायासनावरील विद्यार्थी

गुरूने शिकवावे आणि शिष्याने शिकावे, हा विद्येचा नेहमीचा ओघ. क्वचित तो उलटाही वाहतो. चेन्नईच्या उच्च न्यायालयात, 1892 साली उभ्या राहिलेल्या त्या तांबड्या वास्तूत, 2021 मध्ये असाच प्रसंग घडला. दोन महाविद्यालयीन मुली न्याय मागावयास आल्या, आणि न्यायमूर्तींनी आपल्या आदेशात त्यांना गुरू म्हणून गौरविले.

त्या दोघी मदुराईच्या. वय विशीच्या आसपास. परस्परांवरील त्यांचे प्रेम घरच्यांना मानवले नाही, म्हणून घर सोडून त्यांनी चेन्नई गाठली. तेथील स्वयंसेवी संस्थांनी त्यांना आसरा दिला. इकडे आईबापांनी मुली हरवल्याच्या फिर्यादी नोंदविल्या आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. संरक्षणासाठी मुलींनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. प्रौढांच्या संमतीने घडणारे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजीच दिला होता. तेव्हा पोलिसांना समज देऊन प्रकरण निकालात काढणे सहज शक्य होते.

न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांना तेवढ्याने समाधान वाटेना. त्यांनी मुलींना आणि त्यांच्या आईबापांना विद्या दिनकरन या समुपदेशक मानसशास्त्रज्ञांकडे पाठविले. पुढे आपल्याच मनाची झडती घेताना त्यांना आढळले की, हा विषय आपल्यालाही पुरता उमगलेला नाही. 28 एप्रिल 2021 च्या आदेशात त्यांनी तसे नमूद केले आणि स्वतःसाठीही दिनकरन यांच्याकडे शिकवणीची वेळ मागितली. न्यायासनावर बसणारा मनुष्य विद्यार्थी होऊन बसला. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या डॉ. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या पारलिंगी तरुणीशीही त्यांनी संवाद साधला. या दोघी आणि त्या दोन अर्जदार मुली यांनी आपणास अज्ञानाच्या अंधारातून बाहेर काढले, अशी कबुली त्यांनी 7 जून 2021 च्या आदेशात दिली.

या शिकवणीचे फळ एका खटल्यापुरते राहिले नाही. त्याच आदेशात न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांकडे लक्ष वळविले. पालक-शिक्षक संघांतून पालकांचे प्रबोधन व्हावे. निराळ्या लिंगभावाच्या मुलांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे असावीत. पारलिंगी विद्यार्थ्याला शैक्षणिक कागदपत्रांवरील नाव व लिंग बदलून मिळावे. प्रवेश-अर्जात स्त्री-पुरुषांच्या रकान्यांबरोबर तिसराही रकाना असावा. शाळेत समंजस समुपदेशक नेमावे. समलिंगी व्यक्तींना ‘बरे’ करू पाहणाऱ्या तथाकथित उपचारांनाही मज्जाव करण्यात आला. 2022 मध्ये तमिळनाडूच्या पोलीस आचारनियमांत अशा व्यक्तींचा छळ न करण्याविषयी स्वतंत्र नियम आला.

वाट मात्र सोपी नव्हती. 2021 च्या अखेरीस राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने पारलिंगी बालकांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांकरिता एक मार्गदर्शिका सिद्ध केली. ती प्रसिद्ध होते न होते तोच आक्षेप उठला आणि ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. त्या घाईबद्दल याच न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. मुलांना काय शिकवावे हा वाद जुना आहे. शिक्षकांना कोणी शिकवावे, हा प्रश्न त्याहून अवघड.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली. 1927 साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. समलिंगी आकर्षणाचा विषयही त्या खटल्यात होता. कर्व्यांना दंड भरावा लागला, तरी मासिक त्यांनी 1953 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चालविले. ज्ञान दडवून नीती राखता येत नाही, हे त्या एकाकी शिक्षकाने तेव्हाच ओळखले होते.

चेन्नईच्या लोयोला महाविद्यालयाची स्थापना 1925 ची. बरोबर शंभर वर्षांनी, 2025 मध्ये, डॉ. एन. जेन्सी या पारलिंगी विदुषी तेथे इंग्रजीच्या सहायक प्राध्यापक झाल्या. ज्यांच्यासाठी वर्गात बाक होता की नाही अशी शंका असे, त्यांच्यापैकीच एक आता फळ्यासमोर उभी आहे.

अशा शिक्षकांचा गौरव शाल-श्रीफळाने होतोच, आणि तो व्हावाही. त्याहून मोठा गौरव चेन्नईच्या त्या न्यायमूर्तींनी केला: शिकविणाऱ्यांकडून ते खरोखर शिकले. घर सोडून आलेल्या दोन मुलींना त्या दिवशी संरक्षण मिळाले. त्यांच्या मागून येणाऱ्या, अद्याप तोंड न उघडलेल्या कित्येक विद्यार्थ्यांसाठी शाळेचे दार थोडे अधिक उघडले.